वाळवंटातला खेळिया : संत एकनाथ

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री भारूड असते. गाव कुकडीच्या काठावर. देवळापुढे मांडव, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष आणि अगदी मागे खांबांना टेकून कॉलेजात जाणारी आम्ही पोरे. त्या रात्री भारूडकाराने विंचवाचे सोंग आणले. माणूस चांगला साठीच्या पुढचा, कुणाचे तरी उपरणे मागून घेऊन त्याचा पदर केलेला. विंचू चावला म्हणून जो ओरडत सुटला तो थेट बैठकीत शिरला, लोळत लोळत आमच्या खांबापाशी आला आणि माझे मनगट धरून विष उतरवायला आता काय करू, असे विचारू लागला. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी हात सोडवून घेतला आणि मागे सरकलो. हशा झाला. तेवढ्यात बायांच्या अंगाने माझ्या आजीने खणखणीत आवाजात उत्तर दिले आणि खेळ पुढे गेला.

घरी येताना आजी एवढेच म्हणाली की, अरे, तो तुला एकट्याला विचारत नव्हता, सगळ्यांनाच विचारत होता. कुणीतरी बोलायचे असते.

एकनाथ आम्हाला अभ्यासाला आहेत. भागवताचे टीकाकार, ज्ञानेश्वरीचे संशोधक, शांतिब्रह्म, अशी विशेषणे आम्ही टिपणवहीत उतरवून घेतली आहेत. परंतु मनगट धरून प्रश्न विचारणारे एकनाथ मला त्या रात्री प्रथम भेटले. हा खेळ ज्याने रचला तो माणूस कसा जगला, हे मग मी ग्रंथालयात बसून वाचत गेलो. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

पैठण आपल्याला परके नाही

जुन्नर-आंबेगावच्या मुलाने पैठणच्या संतावर का लिहावे, असे कुणी विचारील. पण पैठण आणि जुन्नर यांची सोयरीक जुनी आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजेच आजचे पैठण. तिथला माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. नागनिका राणीचा कोरीव लेख आजही नाणेघाटाच्या लेण्यात उभा आहे. दुसरी सोयरीक श्रद्धेची. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे वेद वदविले असे सांगतात, त्याची समाधी आपल्या तालुक्यात आळे येथे आहे.

तिसरी सोयरीक पाण्याची. गोदावरी आपली नव्हे, हे खरे. पण आपली कुकडी आणि मीना घोड नदीला मिळतात, घोड भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरात गेली की चंद्रभागा होते. त्या चंद्रभागेच्या वाळवंटात आषाढी-कार्तिकीला नाथांची भारुडे उभी राहतात. म्हणजे ज्या वाळूवर नाथांचा खेळ चालतो, तिला भिजवणाऱ्या पाण्यात थोडे आपलेही पाणी असते.

पोरके बालपण आणि देवगिरीचा किल्ला

एकनाथांचा जन्म इ. स. १५३३च्या सुमारास पैठण येथे झाला. घराणे भानुदासांचे. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती ज्यांनी परत पंढरपुरी आणली, असे वारकरी परंपरा मानते, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडिलांचे नाव सूर्यनारायण, आईचे रुक्मिणी. दोघेही नाथ अगदी लहान असतानाच गेले आणि आजोबा चक्रपाणी यांनी या नातवाला वाढविले. आजोबांच्या मांडीवर वाढलेल्या या मुलाला देवळातील कथाकीर्तनाची गोडी लहानपणीच लागली.

गुरूच्या शोधात हा मुलगा घर सोडून देवगिरीला गेला. जनार्दनस्वामी हे निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी. दिवसा दरबारचे काम आणि पहाटे दत्ताची उपासना, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्याजवळ एकनाथ काही वर्षे राहिले. हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसून ती शोधणारा आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविणारा एकनाथ आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. गुरू समाधीत असताना शत्रू चालून आला तेव्हा त्यांचा पोशाख अंगावर चढवून हा शिष्य लढाईला उभा राहिला, अशीही कथा आहे.

या गोष्टी गुरुभक्तीचे दाखले म्हणून सांगितल्या जातात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुसऱ्याचा वेष अंगावर घालून त्याचे काम करणे, हे या मुलाने फार लवकर केले. दफ्तराची भाषाही तो तिथेच शिकला असावा. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी ही सरकारी कागदांची नावे पुढे त्याच्या भारुडांची नावे झाली. जीव हा रयत आणि देह हा गाव अशी कल्पना करून त्याने कारभाराच्या फारसी शब्दांतच अध्यात्म सांगितले. ज्या रयतेला हे कागद पाहून धडकी भरत होती, तिला त्याच कागदांवर हसायला शिकवले.

नदीकाठचे शहर

तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले आणि गुरूच्या आज्ञेने गृहस्थ झाले. पत्नी गिरिजाबाई. त्यांना हरी हा मुलगा आणि दोन मुली झाल्या. मुलींची नावे गोदा आणि गंगा, असे सांगतात. नदी अशी घरातही होती.

त्या काळचे पैठण म्हणजे धर्मसभेचे शहर. कुणाला शुद्ध करायचे आणि कुणाला वाळीत टाकायचे याचा निवाडा इथे होई. शहर रेशमी वस्त्रांसाठीही नावाजलेले. अशा शहरात नदीवर कोण येत नाही? स्नानसंध्येला शास्त्री येत, घागरी घेऊन बाया येत, जनावरे पाण्यावर येत. वासुदेव, गोंधळी, जोशी, पोतराज, कोल्हाटी, फकीर, भुत्ये अशा फिरस्त्यांनाही विसाव्याला असेच नदीकाठ लागतात. घाटाच्या पायऱ्यांवर कुणी कुठे उतरायचे याचे नियम कडक असत. पण नदी उन्हाळ्यात आटली की मध्ये जे वाळवंट उघडे पडते, त्याला ना उंबरठा असतो ना सोपा. तिथे कुणाची जागा ठरलेली नसते. पुढच्या पावसाळ्यात ते सगळेच वाहून जाते.

नाथांच्या भारुडांची नुसती नावे वाचली तरी हा नदीकाठ डोळ्यांपुढे येतो. वासुदेव, जोशी, गोंधळ, जोगवा, भूत, फकीर, कोल्हाटीण, बाळसंतोष, एडका, विंचू, दादला. सुमारे तीनशे भारुडे त्यांच्या नावावर आहेत. विद्वान माणसाने लोकांसाठी लिहिणे निराळे आणि लोक जे आधीच खेळत आहेत त्यात स्वतः उतरून खेळणे निराळे. नाथांनी दुसरी गोष्ट केली. वासुदेवाच्या डोक्यावरची मोरपिसांची टोपी त्यांनी काढून घेतली नाही. ती तशीच ठेवून तिच्याखालून नवा अर्थ बोलविला.

बघ्याला जागा नाही

भारूड हा शब्द बहुरूढ या शब्दावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बहुजनांत रूढ असलेले ते भारूड. त्याचे भजनी, सोंगी आणि कूट असे प्रकार सांगितले जातात. सोंगी भारुडाला लागते ते साहित्य फार थोडे: टाळ, पखवाज, एखादी एकतारी किंवा संबळ आणि श्रोत्यांतूनच मागून घेतलेले उपरणे, काठी, टोपली. पडदा नाही, विंग नाही. धृपद एकट्याने म्हणून भागत नाही; ते बैठकीने उचलावे लागते. गोंधळात उदोचा गजर लोकांनी केला नाही तर गोंधळ पुढे सरकत नाही. जोगवा मागणाऱ्याच्या परडीत कुणी मूठभर काही टाकलेच नाही तर जोगवा कसला?

ही गोष्ट ध्यानात घेतली की नाथांची करामत कळते. विंचवाच्या भारुडात चावा घेणारा विंचू म्हणजे काम-क्रोध, विष म्हणजे तमोगुण आणि उतारा सत्त्वगुणाचा. हे नुसते सांगितले असते तर ते प्रवचन झाले असते. नाथांनी ते विव्हळणाऱ्या माणसाच्या तोंडी घातले आणि त्याला गर्दीत सोडले. समोरचा माणूस वेदनेने लोळतो आहे आणि तुम्हाला उपाय विचारतो आहे. आधी तुम्ही हसता, मग उत्तर देता आणि उत्तर देता देता लक्षात येते की विंचू आपल्यालाही चावलेला आहे.

भवानीआईला नवस बोलणाऱ्या सुनेचे भारूड याहून बेरकी. सासू, सासरा, जाऊ, नणंद अशी एकेकाची पीडा दूर कर म्हणून ती देवीला साकडे घालते. बाया पोट धरधरून हसतात, कारण ते त्यांच्या मनातले असते आणि चारचौघांत बोलायची सोय दुसरीकडे कुठे नसते. शेवटी सून एकटीच राहू दे म्हणते, तेव्हा हसणे थांबते. सगळी नाती गळून पडल्यावर जे उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकीबरोबर घरी जातो. आमच्या आजीला हे भारूड पाठ आहे. शाळेत ती दोन वर्षेच गेली. तिचा परमार्थ आणि तिचे नाटक ही दोन्ही तिला इथेच मिळाली.

जोहाराच्या भारुडांत नाथ महाराच्या भूमिकेत उभे राहतात. गावकामगार म्हणून पाटलाला जोहार घालणारा हा माणूस देहगावाचा सगळा कारभार उघडा करून दाखवतो. सोळाव्या शतकात, धर्मसभेच्या शहरात, एका ब्राह्मणाने महार होऊन बोलणे हे केवळ काव्यातले रूपक राहत नाही. हिंदू-तुर्क संवादात तर दोघे भांडखोर एकमेकांच्या धर्मातील उणी काढतात आणि भांडता भांडता शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. ज्या शहरात ही दोन्ही माणसे रोज एकाच नदीचे पाणी पीत होती, तिथे हा खेळ ऐकताना दोन्ही बाजूंना आपला आवाज ओळखू आला असेल.

खरा प्रवेश भर दुपारचा

खेळात महार होणे एक वेळ सोपे. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी ती इथे सांगितलीच पाहिजे. भर दुपारची वेळ. नाथ गोदावरीवर स्नानसंध्येला निघाले होते. तापलेल्या वाळवंटात एका महाराचे मूल आईमागे धावता धावता मागे पडले होते आणि पाय पोळून रडत होते. घाटावर माणसे नसतील असे नाही. सर्वांना ते रडणे ऐकू गेलेच असेल. नाथांनी मूल उचलले, कडेवर घेतले, त्याचे नाकडोळे पुसले आणि वस्तीत नेऊन आईबापांच्या स्वाधीन केले.

या प्रसंगाची चित्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत नाथ असतात, मूल असते, वाळू असते. मला आता त्या चित्रात नसलेले लोक दिसू लागले आहेत, ते घाटावर उभे राहून बघणारे. त्यांतले बरेचसे लोक वाईट नसतील. आपण हात घातला तर चारचौघांत काय होईल, एवढाच विचार करून ते मागे सरकले असतील. मांडवातल्या खांबापाशी मी हात सोडवून घेतला तसेच.

नाथांच्या बहुतेक कथा अशा नदीच्या आणि पाण्याच्या आहेत. काशीहून रामेश्वराला न्यायच्या कावडीतील गंगोदक त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. स्नान करून येताना कुणी अंगावर थुंकला, तर ते न रागावता पुन्हा नदीकडे वळले. असे एकशे आठ वेळा झाले म्हणतात. श्राद्धासाठी केलेले अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढले आणि धर्मसभेचा रोष ओढवून घेतला. या कथा महिपतींनी नाथांच्या पश्चात दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिल्या. त्यांतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या बुद्धीने बाजूला ठेवावा. पण समाजाने इतकी वर्षे नाथांविषयी कोणत्या गोष्टी जपून ठेवायच्या ठरवल्या, तेही पाहावे. त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांचे पुढे होणे लोकांनी अधिक लक्षात ठेवले.

विद्वत्ता कमी होती असे मुळीच नाही. रुक्मिणीस्वयंवर त्यांनी १५७१ साली पूर्ण केले. पैठणला आरंभिलेली भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पुरी झाली. मराठीत हे लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे सांगतात. १५८४ साली अनेक प्रती ताडून पाहून त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भावार्थरामायण मात्र अपुरे राहिले. ते पुढे त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केले. एवढे काम एखाद्याने जन्मभर दार लावून केले असते तरी आपण त्याला थोर म्हटले असते. नाथांनी ते दार उघडे ठेवून केले.

घरातला विरोध

नाथांना विरोध धर्मसभेचाच झाला असे नाही. मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कुणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पटले नाही. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या: प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. बापाने दोन्ही मान्य केल्या. पैठणला परतल्यावर मुलाने संस्कृतात पुराण सुरू केले आणि हळूहळू बैठक ओस पडत गेली. लोक रागावले नव्हते. त्यांना त्यात काही बोलताच येत नव्हते, मग बसून करायचे काय? पुढे हरिपंडिताला आपली चूक उमगली आणि वडील पुन्हा प्राकृतात बोलू लागले, अशी परंपरेची कथा आहे.

नाथांच्या उणिवांकडेही डोळेझाक करू नये. त्यांनी वर्णव्यवस्था मोडा असे म्हटले नाही. प्रायश्चित्त सांगितले तर ते घ्यायला ते तयार होत. जोहार घालणारा महार त्यांच्या भारुडात ब्रह्मज्ञान सांगतो, पण गावात परतल्यावर त्याची जागा वेशीबाहेरच राहते. म्हणून नाथांना आजच्या अर्थाने क्रांतिकारक म्हणणे हे भाबडेपणाचे होईल. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्याला बोलायचीच बंदी होती त्याचे बोलणे त्यांनी सर्वांच्या तोंडी घातले आणि भारुडाचे धृपद म्हणताना शास्त्र्याच्या मुलालाही ते म्हणावे लागले. प्रभात कंपनीने १९३५ साली नाथांवर बोलपट काढला, बालगंधर्वांनी त्यात नाथांची भूमिका केली. त्या बोलपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ सेन्सॉरने अडवले आणि ते ‘धर्मात्मा’ करावे लागले. साडेतीनशे वर्षांनंतरही वाळवंटातले ते मूल उचलण्याची गोष्ट सत्तेला अवघडच वाटत होती.

पाणी आणि वाळू

इ. स. १५९९च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीच्या काठी, कीर्तनाच्या गजरात देह ठेवला. ज्या नदीपाशी जन्मभर वावरले तिच्यातच ते गेले. ही षष्ठी जनार्दनस्वामींच्याही आयुष्यातील मोठ्या प्रसंगांची तिथी मानतात. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात आणि काल्याची दहीहंडी फोडून यात्रेची सांगता होते.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. नाव अगदी योग्य, पण धरणाखालची नदी पुष्कळदा कोरडी असते आणि यात्रेसाठी पाणी सोडावे लागते. आपल्याकडे निराळे काय आहे? डिंभ्याच्या पाण्याखाली आंबेगाव हे मूळ गावच गेले; आता ते नाव तालुक्याला उरले आहे. गावाजवळची कुकडी उन्हाळ्यात बघवत नाही. नदी गेली की वाळवंटही जाते आणि वाळवंट गेले की कुणाचीच जागा ठरलेली नसलेली ती एक जागा जाते. मग उरतात सभागृहे, खुर्च्या आणि पुढच्या रांगेतल्या राखीव जागा.

तरी खेळ अजून पुरता मोडलेला नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी तमाशाच्या राहुट्या लागतात. त्या तमाशात गणानंतर गवळण येते. नाथांनीही पुष्कळ गवळणी रचल्या आहेत. सप्ताहात भारूड होते, पहाटे एखाद्या गावी वासुदेव येतो. या कला जगवा, अनुदान द्या, असे ठराव आपण स्नेहसंमेलनात करतो, ते करावेतच. पण भारुडाला सगळ्यात आधी लागतो तो उत्तर देणारा माणूस. तो नसेल तर भारूडकार कितीही लोळला तरी विष उतरत नाही.

यंदाच्या सप्ताहाला मी खांबाजवळ उभा राहिलो नाही, पुढे जाऊन बसलो. भारूडकार तोच होता, फक्त एका वर्षाने थकलेला. त्याने या खेपेला जोगवा आणला होता. परडी माझ्यासमोर आली तेव्हा खिशात काही नव्हते. मी मागे वळून पाहिले. आजीने बायांच्या अंगाने मूठभर तांदूळ पुढे पाठवून दिले होते, हातोहात, साऱ्या मांडवातून.